नानांनी न बांधलेला झोका

नव्वदच्या दशकाची सुरुवात, अखाजीचा आदला दिवस. साक्रीकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होते आणि सकाळी बंदोबस्ताच्या ड्युट्या लावत होते. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या अखाजीला, खानदेशात गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात आणि भांडणंही होतात. त्या दिवसाचं मी काहीही विसरलेले नाही.

डोक्यात मात्र दुसरंच होतं. थोड्या दिवसांपूर्वी उत्तरेत एक ट्रक पकडला गेला होता. सावद्याच्या केळ्यांखाली परदेशी रायफली निघाल्या. माल गुजरातच्या किनाऱ्यावर उतरला होता आणि सीमेवरच्या डोंगरांतल्या अतिरेक्यांकडे चालला होता. चालकाच्या जबाबानुसार बराचसा माल आमच्याच हद्दीत दुसऱ्या कोणीतरी दडवला होता. कोणी, ते त्याला ठाऊक नव्हतं. आम्ही खळी, गोदामं, विहिरी पालथ्या घातल्या. हाती काही लागलं नाही.

तेवढ्यात एका गावाहून परतलेली महिला शिपाई हसत आत आली. तिथल्या माहेरवाशिणी रस्त्यात बसून नानांना गाण्यातून शिव्या घालत होत्या.

"का?"

"यंदा त्यांनी झोकाच बांधला नाही, बाईसाहेब. घरात सुतक नाही, लेकही माहेरी आलेली."

नाना गावातले प्रतिष्ठित शेतकरी. अखाजीला माहेरी आलेल्या गावच्या लेकी दरवर्षी त्यांच्याच दारच्या कडुनिंबाला झोका खेळायच्या. मीही अशाच गावची लेक. सुतक नसताना, स्वतःची मुलगी माहेरी आलेली असताना बाप झोका चुकवत नाही. मी ड्युट्यांचा कागद हवालदाराकडे दिला आणि साडी नेसून निघाले.

नाना ओट्यावर होते. फांदी कच्ची झाली, असं त्यांनी सांगितलं. दरवर्षीच्या दोरांनी त्या फांदीला खाचा पडल्या होत्या, पण ती मांडीएवढी जाड होती. मी सोबतच्या धिप्पाड शिपायाला लोंबकळायला लावलं. फांदी हलली नाही. पोरी खिदळल्या. एक म्हणाली, "नाना, आते तुमीच बसा झोकावर."

शिपाई वर लोंबकळला तेव्हा त्याला भिंतीपलीकडचं नानांचं आवार दिसलं आणि उतरल्यावर त्याने मला हळूच सांगितलं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग आणि त्याखाली ताजी उकरलेली माती. झोक्यावर उंच गेलेल्या प्रत्येक पोरीला तेच दिसलं असतं.

मी नानांना घरात नेलं, शिपायाला आत घेतलं आणि दार लोटलं. मी त्या मातीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "जावाईनी ठेवं शे. घड्याळे शेतस, अस सांगं त्यानी." घड्याळं आहेत सांगून माल ठेवणारा जावई ट्रक चालवायचा. किनाऱ्यावरून चोरटी घड्याळं, कापड आणणं त्याला नवं नव्हतं. तो दुपारी माल न्यायला येणार होता.

"ताई, मनी पोरना संसारनं काय व्हई?"

"नाना, ती घड्याळं नाहीत, बंदुका आहेत. माल हाती पडला की त्या मागवणारी माणसं साक्षीदार जिवंत ठेवत नाहीत. जावई माझ्या ताब्यात आला तर जगेल."

त्यांनी कोपऱ्यातलं फावडं उचलून माझ्या शिपायाच्या हातात दिलं.

पोरींना आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. दुपारी जावई आला आणि दारातच पकडला गेला. एकही गोळी झाडावी लागली नाही. पंचांसमोर खोकी उघडली. ग्रीस लावलेल्या रायफली, मेणकागदात काडतुसं, खोक्यांवरच्या खुणा घासून काढलेल्या. पुढे जावई माफीचा साक्षीदार झाला आणि किनाऱ्यापर्यंतची साखळी उघडी पडली. माझ्या नोकरीत याहून मोठी जप्ती झाली नाही, आणि तिचा मला आजही अभिमान आहे.

डोंगरातल्या पोरांना वाटतं, शेजारचा देश आपल्या लढ्याला बंदुका देतो. त्या देशाला त्यांच्या लढ्याशी काही देणंघेणं नसतं. आपलं सैन्य तिथे अडकून राहावं एवढंच हवं असतं. पण किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत बंदूक आपोआप चालत जात नाही. तिला जुनी चोरवाट लागते, ओळखीचा चालक लागतो आणि खोक्यात काय आहे ते न विचारणारं एक सभ्य घर लागतं. तेव्हापासून मी परक्या माणसावर जेवढी नजर ठेवली, तेवढीच बदललेल्या रिवाजावरही ठेवली.

दुसऱ्या दिवशी, अखाजीच्या सकाळी, मी पुन्हा तिथे गेले. खड्डा बुजवून घेतला आणि शिपायाकडून निंबाला दोर बांधून घेतला. पोरी आल्या. नानांची मुलगी ओट्यावर बसून होती. तिने एकच विचारलं, "ताई, त्याले फाशी व्हई का?"

"खरं बोलला तर नाही."

तिने मान हलवली. झोक्याकडे ती आली नाही. मी दोर दोनदा ओढून पाहिला, पक्का होता, आणि ठाण्यावर परतले.