नावापुढची चांदणी

आमच्या चौकात फ्लेक्स लागला, तेव्हा सुवर्णाच्या खोलीतला औषधांचा वाससुद्धा गेला नव्हता. मी सकाळी दुधाला निघाले होते आणि वर बघितलं. कोपऱ्यात हेल्मेट घातलेली माझी धाकटी बहीण, आणि खाली ओळीनं गॉगल लावलेले पुरुष, तिच्यापेक्षा मोठ्या आकाराचे. मधोमध रणजितदादा, हात जोडून. ‘कोल्हापूरच्या लोहकन्येस भावपूर्ण श्रद्धांजली.’ शेजारची बाई म्हणाली, “किती प्रेम केलं बघा लोकांनी तुमच्या सुवर्णावर.” मला रडू आलं नाही. शिसारी आली. दूध न घेताच मी परत फिरले.

आता दीड-दोन महिने उलटलेत, तरी ती शिसारी गेलेली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

सुवर्णा माझ्याहून सात वर्षांनी लहान. कोडोलीत आमच्या वडिलांचं, अप्पांचं, धान्याचं दुकान होतं, तिथं ती पोत्यांवर बसून अभ्यास करायची. पुढं धातुशास्त्रात इंजिनिअर झाली आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत प्रयोगशाळा सांभाळू लागली. ओतलेला भाग किती कठीण आहे, कुठं पोकळ राहिलाय, हे तपासायचं तिचं काम. लग्न केलं नाही. आमच्याच घरी, गच्चीवरच्या खोलीत राहायची. एवढी शिकली, तरी घरात कोल्हापुरी बायकांसारखं ‘मी येतो, मी जातो’च बोलायची. चाळिशी उलटल्यावर तिनं सायकल घेतली आणि पहाटे पन्हाळ्याचा घाट चढायला लागली. मग रणजितदादांच्या सायकल ग्रुपमध्ये गेली. दादा बिल्डर. ग्रुप त्यांचा, टी-शर्ट त्यांचे, नाश्ता त्यांचा, त्यामुळं शब्दही त्यांचाच.

आमच्याकडं पावसाळा लागला की रस्त्यावर सायकल काढायची सोय नसते. तेव्हा हे लोक ट्रेनरवर चालवतात. सायकलचं मागचं चाक काढायचं, ती एका जड यंत्रावर बसवायची आणि जागच्या जागी पॅडल मारायचं. तुम्ही किती जोर लावताय ते यंत्र वॅटमध्ये सांगतं. सुवर्णानंही यंत्र आणलं आणि आमच्या डोक्यावर संध्याकाळची गिरणी सुरू झाली. एकदा मी वर गेले तर ती घामानं निथळत होती, समोर पंखा भरधाव. मी म्हटलं, “कुठं पोचलीस गं?” तर म्हणाली, “कुठंच न्हाय की. तेच बरं हाय. इथं ना वारा, ना उतार, ना पुढं कुणी. जेवढा माझा जोर तेवढाच आकडा.” तिनं मला समजावलं होतं… वीस मिनिटं जीव तोडून चालवायचं, त्याची सरासरी काढायची, त्यातून थोडं वजा करायचं. माणूस तासभर किती जोर टिकवू शकेल त्याचा तो अंदाज. त्याला वजनानं भागलं की किलोमागं किती ते कळतं, आणि हलक्या माणसाची भारी माणसाशी तुलना करता येते. “अंदाजच हाय अक्का,” ती म्हणायची, “पण प्रामाणिक अंदाज हाय.”

एका पावसाळ्यात दादांनी मंगल कार्यालयात सगळ्यांची चाचणी ठेवली. प्रत्येकानं आपापलं यंत्र आणायचं, पडद्यावर क्रमवारी लागणार. मीही गेले होते. जिथं एरवी अक्षता पडतात तिथं वीस-पंचवीस सायकली घरघरत होत्या. चाचणी संपली आणि किलोमागच्या आकड्यात माझी बहीण पहिली आली, दादांच्याही वर. मग दादा हसत म्हणाले, “ह्यो आकडा बाईचा न्हाय, मशीनचा हाय!” सगळे हसले. एक डॉक्टर होते त्या ग्रुपात, ते म्हणाले, “वजन कमी लिहिलं असंल.” आणि खरंच कुणीतरी स्वयंपाकघरातून काटा आणला, तांदळाची पोती तोलायचा. पंचवीस पुरुषांसमोर पंचेचाळिशीच्या बाईला त्यावर उभं राहायला सांगितलं. दुसऱ्या कुणाचंही वजन बघितलं नाही. सुवर्णानं बूट काढले आणि चढली. वजन सांगितल्यापेक्षा किंचित कमीच भरलं, घाम गेला होता ना. तरी क्रमवारीत तिच्या नावापुढं एक चांदणी काढली गेली, आणि खाली टीप: ‘यंत्र शंकास्पद’.

परतताना आम्ही रिक्षा केली. घर जवळ आल्यावर म्हणाली, “आकड्याची शंका घ्यावी अक्का. मी पण रोज घेतो, माझं कामच हाय ते. पण माझ्या एकटीचीच?”

पुढचे कित्येक महिने ती ते यंत्र तपासत राहिली. ते आधी चालवून तापवायचं, मग त्याचा काटा पुन्हा शून्यावर आणायचा. पुण्याच्या मैत्रिणीकडून जोर मोजणारी पॅडल मागवली आणि दोन्हींचे आकडे ताडून पाहिले. जुळले. तिनं ते ग्रुपवर पाठवलं. उत्तरादाखल दादांचा एक अंगठा आला. चांदणी तशीच राहिली. मी म्हणायचे, सोड तो ग्रुप. ती म्हणायची, “मी का सोडू? मी काय केलंय?”

आणि मग तिचा आकडा उतरायला लागला. एकदम नाही, दर चाचणीला थोडा थोडा. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बरं नाही वाटतं, डॉक्टरकडं जाऊ. पण ही यंत्राकडं गेली. इतके महिने सगळ्यांनी सांगितलं होतं ना, तुझं यंत्र खोटं आहे म्हणून… आता तिलाही वाटलं, असेल. मी तिला जिन्यात मध्येच थांबलेली बघितली, कठडा धरून. “दम लागलाय का गं?” विचारलं तर म्हणाली, “मशीन कमी दाखवाय लागलंय, तेवढं नीट करतो, मग बघू.” आतला पट्टा बदलला. पुन्हा पॅडल मागवली. तीही कमीच दाखवत होती, तर म्हणाली, पॅडलची बॅटरी उतरली असंल.

ग्रुपवर तेव्हा काय चाललं होतं ते तिनंच मला वाचून दाखवलं. ‘आता खरा आकडा यायला लागला.’ त्यावर हसणारे चेहरे. आणि दादांनी क्रमवारीतली ती चांदणी काढून टाकली. ती धडधाकट होती तोवर खोटी होती. आजारी पडली, नाव बरंच खाली घसरलं, तेव्हा खरी ठरली.

एका रविवारी ती वरून उतरली, स्वयंपाकघरात पाटावर बसली. चेहरा कागदासारखा. म्हणाली, “अक्का, जोर कमी लावला तरी नाडी पहिल्यापेक्षा लई पळतीया. मशीन बरोबर हाय. मीच कमी झालोय.”

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन इतकं खाली होतं की प्रयोगशाळेनं पुन्हा नमुना मागितला. अस्थिमज्जेचा आजार निघाला. रक्त तयार होणंच हळूहळू बंद पडत होतं. आधी आणलं असतं तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही तसं म्हणत नाही. थोडा जास्त वेळ मिळाला असता, कदाचित. पण तो वेळ तिचा होता, आणि तिनं तो पाना हातात घेऊन, एका निर्दोष यंत्रात दोष शोधण्यात घालवला.

दादा दवाखान्यात आले. फळांची टोपली, सोबत फोटो काढणारा एक जण. ‘लढ वाघिणी’ म्हणून तो फोटो लगेच सगळीकडं गेला. सुवर्णा उशीला टेकून बसली होती. तिनं शांतपणे विचारलं, “दादा, ती चांदणी का काढली हो नंतर?”

“कुठली चांदणी?” दादा म्हणाले.

ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. सुवर्णानं माझ्याकडं बघितलं आणि हसली, पण मला हसता आलं नाही. दुष्टपणा मी कदाचित सोसला असता.

ती गेल्यावर त्याच मंगल कार्यालयात शोकसभा झाली. मी गेले नाही. ऐकलं की दादा ढसाढसा रडले आणि तिचा तो पहिला, शंकास्पद आकडा व्यासपीठावरून मोठ्यानं सांगितला. “ह्या मातीतली ताकद हाय ही!” टाळ्या पडल्या म्हणे. शोकसभेत टाळ्या.

पंधरवड्यानं ते घरी आले, तिघा-चौघांसह. तिच्या नावानं दरवर्षी स्पर्धा घ्यायची ठरलं होतं. “वैनी, ताईंचं ट्रेनर द्या आमाला. स्टेजवर ठेवतो, हार घालतो. लोकांना प्रेरणा मिळंल.”

मी म्हटलं, “ते यंत्र शंकास्पद हाय. न्हाय देणार.”

“असं काय बोलताय? ताई आमची शान हुती की.”

“तुमची न्हवती,” मी म्हटलं. “तुमी तिला पोत्यागत तोललंसा. तिचं नावसुदीक न्हाय देणार.”

माझा आवाज चढला होता. माझे यजमान एरवी कुणाला उलटून बोलत नाहीत. ते उठले, दार पुरतं उघडलं आणि म्हणाले, “पावणं, या आता.” दादा खरोखर दुखावलेले दिसले. फ्लेक्स मात्र दुसऱ्या दिवशी उतरला.

गेल्या आठवड्यात यजमानांच्या भाचीनं सुवर्णाची सायकल मागितली. तिला चालवायची होती, म्हणून मी आनंदानं हो म्हटलं आणि सायकल दुरुस्त करणाऱ्या इस्माईलभाईंना वर बोलावलं. त्यांनी यंत्रावरून सायकल सोडवली, भाचीच्या उंचीला हँडल खाली घ्यायला गेले आणि थांबले. बोल्ट फिरेना. तेल सोडलं, ठोकून बघितलं. मग चष्मा लावून वाकले.

“घामाचं मीठ हाय हे,” म्हणाले. “वरनं ठिबकून ठिबकून आत गेलंय. सगळं गंजून एक झालंय. तोडावं लागंल.”

मी बोट फिरवलं. तांबूस, खरखरीत थर होता, बोटाला लागला.

“नका तोडू,” म्हटलं. “पोरीला दुसरी घेऊ.”

इस्माईलभाईंनी पाना पिशवीत टाकला, सायकल पुन्हा होती तिथं बसवून दिली. जिन्याशी वळून म्हणाले, “लई चालवलीया बाईंनी.”

“व्हय,” मी म्हटलं. “लई.”