दौलत आणि विहिरीच्या पिक्चरचं गाणं

सुभद्रा लग्न होऊन लालबागच्या खोलीत आली त्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा तिने ते भांडण ऐकलं. मुद्दाम नाही ऐकलं. खोली एक, मधे जुन्या लुगड्याचा पडदा. अलीकडे ती तांदूळ निवडतेय आणि पलीकडे नवरा आणि थोरला दीर एकमेकांच्या अंगावर धावून जातायत. कान काय डब्यात झाकून ठेवायचे?

"ह्या रडण्याचा गाणा आसा, दादा," दौलत म्हणत होता. "बाई मेलल्या पोराक निजयता. त्येच्यार ढोल कसो घालतस तू?"

"हळदीक लोक नाचूक येतत, रडूक नाय," बाबुराव म्हणाले. "रडाचा आसात तर घराक बसान रड."

"मी संथच वाजवतलंय."

"मगे एकटोच वाजव. दार लावन घे."

आणि बाबुराव दार आपटून गेले. सुभद्राला वाटलं, गाणं नुसतं निमित्त, मुळात जमिनीचं नाहीतर घराचं काहीतरी असेल, त्याशिवाय दोन भाऊ एवढे तापतील का? जेवताना तिने दौलतला भीत भीत विचारलं, तर कळलं की भांडण खरंच एका भुताच्या पिक्चरमधल्या गाण्यावरून. तिने कपाळाला हात लावला. तो हात तिला पुढे जन्मभर अधूनमधून लावावा लागला.

बाबुरावांची बँजो पार्टी होती. लालबाग-परळात बँजो म्हणतात ती एक लांबट लाकडी पेटी. वर तारा ताणलेल्या, डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या पत्तीने तारा छेडायच्या. वायर लावून भोंग्याला जोडली की पार गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. मागे ढोल, ताशे. हळद असो, गणपती असो, बँजोशिवाय आमच्याकडे पाय उचलत नाहीत. पार्टी बाबुरावांची, पण बँजोवरचा हात दौलतचा. दिवसा तो परळच्या एका इस्पितळात लिफ्ट चालवायचा आणि संध्याकाळी बोटं चालवायचा.

त्या सुमाराला विकास पोतनीस नावाच्या डायरेक्टरचा विहिरीचा पिक्चर लागला होता. पिक्चरचं खरं नाव आता कोणाला आठवत नाही, सगळे विहिरीचा पिक्चरच म्हणतात. पांढऱ्या साडीतली बाई विहिरीच्या काठावर बसते आणि मांडीवर पोर असल्यासारखी अंगाई म्हणते. शब्द नाहीत, नुसता हुंकार. पब्लिक खुर्च्यांवर उभं राहून ओरडायचं. दौलत ओरडला नाही. तो पुन्हा गेला, परत गेला, आणि ती अंगाई त्याने बँजोवर उतरवली.

हे बोलायला सोपं आहे. बँजोचा सूर वाजला की लगेच मरतो. बाईचा गळा लांबवेल तसा तो लांबत नाही. दौलत पत्ती तारेवर इतकी हलकी थरथरवायचा की सूर तुटायचाच नाही. डोळे मिटून ऐकलं तर कोणीतरी बंद ओठांनी गातंय असं वाटायचं. सुभद्राला ते कळायचं, कारण ऐकणारी ती एकटीच होती. आणि नंतर त्यांची लेक अक्षदा. पाळण्यातली अक्षदा दुसऱ्या कशाने झोपायचीच नाही. शेजारच्या मालनबाई दारातून म्हणायच्या, "भुताच्या गाण्यावर पोर निजवता होय गो? उद्या चालायला लागली की पाय उलटे पडतील, मग माझ्या नावाने बोटं मोडू नकोस." अक्षदाचे पाय सरळ पडले. बदलापुरात नांदते, दोन मुलं आहेत. तरी मालनबाई मरेपर्यंत तिच्या टाचांकडे बघायच्या.

पण पार्टी बाबुरावांची. गाण्यात एक जागा आहे, बाईचा सूर खाली येतो आणि पोराला जाग येऊ नये तसा थांबतो. बरोबर त्या जागी बाबुरावांनी ढोल घातला. धाडकन! पुढच्या हळदीला नवरीची आजी सुद्धा उठून नाचली. झालं. तेव्हापासून लालबाग, परळ, करी रोड, कुठेही जा, "भूत वाजव, भूत!" असा ओरडा झाल्याशिवाय हळद लागत नाही. मंडप मोडेस्तोवर तेच. इस्पितळाच्या लिफ्टमध्येसुद्धा ओळखीचे लोक म्हणायचे, "काका, रविवारी आमच्याकडे येताय ना भूत घेऊन?" आणि बाजूला डोळे सुजवून उभे असलेले पेशंटचे नातेवाईक दचकून बघायचे.

दौलत प्रत्येक वेळी सांगायचा, "अरे, ते रडायचं गाणं आहे." लोक हसायचे. घरी येऊन हातपाय धुऊन पाटावर बसला की म्हणायचा, "आज पण." सुभद्रा म्हणायची, "नाचले." तो म्हणायचा, "नाचले." पुढे पुढे तिने आमटीच वाढायला घेतली, तो तोंड उघडायच्या आत. नवऱ्याची कटकट ऐकून ऐकून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. कोणाला दारूचं दुःख असतं, कोणाला पोरांचं. हिच्या नशिबी ढोलाचं.

एक मात्र होतं. त्या भांडणानंतर दोघे भाऊ गाण्यावर पुन्हा बोलले नाहीत, पण बाकी सगळं बोलायचे. बाबुरावांची बायको गेली, गुडघे गेले, ते समोरच्या चाळीत खिडकीपाशी खाटेवर आले. पार्टी त्यांच्या मुलाने, मयूरने घेतली. त्याची बायको कामावरून उशिरा येते. म्हणून रोज संध्याकाळी दौलत त्यांचा डबा घेऊन जिना चढतो. स्वतःचे पाय सांभाळत चढतो, पण दुसऱ्या कोणाला नेऊ देत नाही.

मग यंदा विकास पोतनीस गेले. बातमी फोनवर आली, आणि दोन दिवसांनी दारात हर्षवर्धन उभा. बँकेत नोकरीला असलेला शिकलेला मुलगा, काळा टी-शर्ट, छातीवर विहीर छापलेली. त्यांचा म्हणे ग्रुप आहे, पोतनीसांच्या चाहत्यांचा.

"काका, आम्ही चाळीच्या मैदानात श्रद्धांजली सभा ठेवतोय. सगळे त्यांच्या पिक्चरचं म्युझिक आठवणार. अंगाई तुम्हीच वाजवायची."

दौलतने चष्मा काढला. "ढोल?"

"छे छे! ओरिजिनल फील पाहिजे काका. एकदम शांत. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"संथ वाजवू?"

"संथच."

दौलतने त्याला दोनदा चहा पाजला. इतर वेळी पाहुणा उठायची वाट बघत बसणारा माणूस. तो गेल्यावर म्हणाला, "ऐकलंस? संथच म्हणाला."

"ऐकलं हो. बहिरी नाही मी अजून."

पण त्या आठवड्यात तिने त्याला एका शब्दाने टोकलं नाही. दुपारभर तो वायर न जोडता वाजवत बसायचा. बोटं आता पूर्वीसारखी नव्हती, मधलं बोट अडायचं. अडलं की पहिल्यापासून. सुभद्रा भांडी सुद्धा आवाज न करता लावायची. तिच्या मनात एकच होतं. एकदाचं हे लोकांच्या कानावर पडू दे रे देवा, जसं आहे तसं. मग हा सुटेल, आणि मीही.

सभेला फलक लावला होता, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्यात पोतनीसांचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि मंडळाच्या अध्यक्षांचे, उपाध्यक्षांचे, इच्छुक उमेदवारांचे फोटो घमेल्याएवढे. लांबून बघणाऱ्याला कोण गेलं ते कळायची सोय नव्हती. दौलत इस्त्रीचा शर्ट घालून बँजो मांडून बसला. मागे बघतो तर मयूर आणि पार्टीची पोरं, ढोल गळ्यात.

"हे काय रे?"

"काका, इथून डायरेक्ट करी रोडला हळद आहे. उतरवा-चढवा कुठे करणार? नुसते उभे राहतो, फोटोपुरते."

"हात लावायचा नाही."

"काका, शप्पथ! माणूस मेलाय, आम्हाला काय अक्कल नाही?"

भाषणं सुरू झाली. एकाने सांगितलं, पोतनीसांमुळे तो अजून एकटा संडासला जात नाही. लोक हसले. एक जण पोतनीसांबद्दल बोलता बोलता गटाराच्या कामाकडे वळला आणि तिथून परत येईना. दौलत दर वेळी पत्ती बोटात धरायचा, दर वेळी नवा माणूस माईक घ्यायचा, हा पत्ती खाली ठेवायचा. सुभद्रा पहिल्या रांगेत बसून चडफडत होती. मग दोन मिनिटं शांतता. त्या शांततेत कोणाच्या तरी खिशात फोन वाजला. वाजलं काय? तेच गाणं, ढोलासकट. पोरांनी माना खाली घातल्या, पण खांदे हलत होते.

शेवटी दौलतची पाळी आली. त्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली. भोंग्यातून सूर निघाला तो असा बारीक, की मैदानात चप्पल वाजवायची कोणाची हिंमत होईना. हर्षवर्धनने टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसले. पुढच्या बायका गप्प झाल्या. एकीने मांडीवरच्या नातवाला नकळत थोपटायला घेतलं. सुभद्राने पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, झालं. पोचलं.

आणि ती जागा आली. सूर खाली आला, थांबला.

धाडकन!

पोरांचा दोष म्हणावा तरी कसा? मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या जागेवर त्यांचे हात पडत आलेले. बँजो थांबला की ढोल पडणार. एकाचा पडला, तो दचकून थांबेपर्यंत ताशाने उचललं, मग सगळ्यांनीच. मयूर हातांनी "नको नको" करत होता आणि त्याचीच मान ठेक्यावर हलत होती. मागून शिट्टी आली. कोणीतरी "भूऽऽत!" म्हणून आरोळी ठोकली. काळ्या टी-शर्टातली ती सगळी शिकलेली मुलं हात वर करून नाचायला लागली. हर्षवर्धन तर रडत रडत नाचत होता. ज्या आजीने नातवाला थोपटलं होतं, तीच आता त्याला डोक्यावर घेऊन घुमत होती. हार घातलेला फोटो स्टूलावर हादरत होता.

दौलतने मान वर केली. सुभद्राने त्याचा चेहरा बघितला आणि ती जागेवरून अर्धी उठली. त्याने हात घालून बँजोची वायर खेचून काढली.

तिला वाटलं, आता तरी थांबतील. कोण थांबतंय? बँजो बंद पडला हे कोणाला कळलंच नाही. ढोलाला बँजो लागतो कुठे! दौलतने वायर बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि राहिलेलं गाणं वाजवायला घेतलं. आवाज नाहीच. पण सुभद्राला बोटं दिसत होती. संथ, एकेक बटणावर, घाई न करता. मधलं बोट अडलं तिथे अडलं, पुढे गेलं. ते आता कुठे पोचलंय ते तिला बरोबर कळत होतं. शेवटच्या सुरावर त्याने पत्ती थरथरवत ठेवली, पूर्ण मरेपर्यंत. मग बँजोवर कापड घातलं.

"काका, काय वाजवलंत!" हर्षवर्धन घामाघूम होऊन पाया पडायला आला. "अंगावर काटा आला. साहेब वरून बघत असतील."

"ते मी नाही वाजवलं," दौलत म्हणाला.

"काका पण ना!" तो हसला आणि फोटो काढायला गेला. मयूर कान धरून लांबूनच "सॉरी काका" म्हणाला आणि पोरांना घेऊन करी रोडला पळाला.

घरी आल्यावर सुभद्राने आमटी गरम केली आणि वाट बघितली. पण आज तो "आज पण" म्हणाला नाही. त्यानेच तिला जास्त धास्ती वाटली. त्याने बांगड्याचं कालवण, भात डब्यात भरून मागितला, तशी ती म्हणाली, "मी पण येते. भाऊजींकडे माझं पातेलं राहिलंय." पातेलं घरातच, समोर फळीवर होतं. दौलतने ते बघितलं आणि चपला घातल्या.

बाबुराव खिडकीपाशी उशीला टेकून बसले होते. खिडकीतून मैदान स्वच्छ दिसतं.

"ढोल बरो वाजलो," ते म्हणाले.

सुभद्रा दारातच थांबली. या म्हाताऱ्याला आता काय बोलावं असं तिला झालं होतं. दौलतने डबा उघडून ताट पुढे केलं. "बांगडो आसा. काटे बघून खा."

बाबुराव जेवू लागले. दोन घास झाल्यावर, ताटातून नजर न काढता म्हणाले, "मधीच तुझो बँजो बंद पडलो."

दौलत तांब्यातून पाणी ओतत होता. "तुका कसा कळला? तेवढ्या ढोलात?"

"माका नाय कळतला तर कोणाक कळतला? वायर तुटली?"

"नाय. मीच काढलंय."

"मगे?"

"मगे काय. वाजवत रवलंय."

"संथ?"

"संथ."

बाबुरावांनी भात कालवला. बराच वेळ नुसताच कालवला. सुभद्राला वाटलं, आता बोलतील. पडद्यापलीकडचं ते राहिलेलं काहीतरी आता बोलतील. बाबुराव म्हणाले, "मीठ कमी पडला आज."

मीठ कमी नव्हतं. सुभद्रा बोलणारच होती, पण दौलतने तेवढ्यात मिठाची बरणी त्यांच्या हाताशी ठेवली. पाण्याचा तांब्या ठेवला, गोळी ठेवली. वारा लागतो म्हणून खिडकीचं एक दार ओढून घेतलं. कालचा धुतलेला डबा उचलला.

"उद्या काय आणू?"

"काय पण. मीठ बघून."

मयूर उशिरा येतो म्हणून दौलतने दार नुसतं लोटून घेतलं. जिना उतरताना करी रोडकडून ढोल ऐकू येत होता. कुठलं गाणं ते सांगायला नको. दौलत कठड्याला धरून एकेक पायरी उतरला, खाली आल्यावर रिकामा डबा सुभद्राकडे दिला आणि उद्याच्या दुधाची पिशवी आणायला कोपऱ्यावर वळला, रोज वळतो तसा.