कव्हरखालचं परिपत्रक

गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरला माणसापेक्षा जास्त जपत. काम संपलं की मॉनिटरवर कापडी कव्हर चढायचं. दसऱ्याचा हारसुद्धा कव्हरवरच पडायचा. एवढी बडदास्त आणखी फक्त साहेबांच्या खुर्चीवरच्या टॉवेलची असे.

दोन हजार सालानंतर ऑफिसची वेबसाइट निघाली आणि ती सांभाळणं माझ्या गळ्यात पडलं. मी ते चोख करते, असं माझं स्वतःचं मत होतं. परिपत्रक टाइप करायचं, प्रिंट काढायची, साहेबांची सही घ्यायची, गोल शिक्का मारायचा, आणि मग तो कागद स्कॅन करून त्याचा फोटो साइटवर चढवायचा. टाइप केलेला मजकूर थेट टाकला तर शिक्का कुठून येणार? बिनशिक्क्याच्या कागदावर आमच्याकडे कुणी विश्वास ठेवत नसे. मी तर नाहीच.

आमचे टेलिफोन ऑपरेटर पिंपळगावचे, जन्मापासून अंध. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायचे. त्यांच्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम होता. बारा वर्षं फोन जोडून झाल्यावर त्यांना क्लार्क व्हायचं होतं, त्यासाठी खात्यातली परीक्षा द्यायची होती. दर सोमवारी विचारायचे, "ताई, परीक्षेचं काही निघालं का?" मी म्हणायची, "निघालं की साइटवर टाकतेच."

अशात वरून आदेश आला: वेबसाइट अंधांनाही वापरता आली पाहिजे, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. पुण्याहून एक तज्ज्ञ आले. दोन तास भिंतीवर चित्रं दाखवत "हे बघा, इथे बघा" करत राहिले. ऑपरेटरांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, फोटोत यावेत म्हणून. जिकडून आवाज येईल तिकडे ते तोंड वळवत होते. तज्ज्ञ द्राक्षांची पेटी घेऊन गेले, आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली. ऑपरेटरांनाही मिळालं.

प्रशिक्षणाच्या अहवालावर वरून शेरा आला, 'प्रशिक्षण प्रात्यक्षिकांसह घ्यावे.' साहेब मला म्हणाले, "मागच्याच स्लाइड घ्या आणि प्रात्यक्षिकाचे दोन-चार फोटो घाला." मला स्लाइडचा वीट आला होता. मी म्हणाले, "साहेब, त्यापेक्षा ऑपरेटरांनाच शिकवू द्या की." यात माझा मोठेपणा काही नव्हता, निव्वळ कंटाळा होता.

मधे मी भाचीच्या लग्नाला आठ दिवस मालेगावला जाऊन आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर ऑपरेटरांचा तो वाचणारा प्रोग्राम टाकून ठेवला होता. आम्ही सगळे साहेबांसकट कॉम्प्युटर रूममध्ये बसलो. शिपाई कव्हरं काढू लागला, तेवढ्यात ऑपरेटर म्हणाले, "राहू द्या भाऊ. माझ्या मशीनवर कव्हर हाय का नाय, मला अजून ठावं नाय." सगळे हसले. "आता हेडफोन लावा आन् साइटवरचं सगळ्यात नवं परिपत्रक कशाचं हाय, तेवढं सांगा."

साहेबांनी पाच मिनिटं बटणं बडवली. मग कानात हेडफोन असल्यामुळे ओरडून म्हणाले, "अहो, हा नुसता 'ग्राफिक' म्हणतोय! मशीन बिघडलंय!" त्यांना दुसऱ्या मशीनवर बसवलं. तिथेही ग्राफिक.

"मशीन चांगलं हाय साहेब," ऑपरेटर म्हणाले. "कागदाच्या फोटोतली अक्षरं त्याला वाचता येत नाय. मला तर ते रोज हेच सांगतंय."

तेव्हा मला आठवलं. ते परिपत्रक मी लग्नाला जायच्या आदल्या संध्याकाळी घाईत चढवलं होतं. परीक्षेचंच होतं ते. चढवलं म्हणजे सांगितलं, असा माझा हिशोब. मी कव्हर उचललं आणि तारीख मोठ्याने वाचली. अर्जाची मुदत परवाच संपली होती.

ऑपरेटरांनी हेडफोनची वायर बोटांना गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. त्या दिवसाइतकी मला माझी लाज कधी वाटली नाही. साहेब हेडफोन काढून म्हणाले, "मुदत वाढवा. आजच काढा."

मी लगेच बसले. टाइप केलं, प्रिंट काढली, सही घेतली, शिक्का मारला, साइटवर चढवलं आणि पापक्षालन झाल्यासारखी घरी गेले.

सकाळी ऑफिसात पाय ठेवला तोच टेबलावरचा फोन वाजला.

"ताई, मुदतवाढीचं टाकलं ना? तारीख काय हाय?"

"टाकलं. पण तुम्हाला कसं कळलं?"

"ग्राफिक म्हणतंय."

जित्याची खोड! मी त्यांना तारीख सांगितली. मग अख्खं परिपत्रक पुन्हा टाइप केलं आणि बिनसहीचं, बिनशिक्क्याचं, साहेबांना न विचारता साइटवर टाकलं. मॉनिटरवर कव्हर ओढलं, हेडफोन लावले, आणि कानात तारीख ऐकू येईपर्यंत जागची उठले नाही.