ग्रहण बघायचा एक्स-रे

इंदापुरात आमच्या शेजारी राहणारा तो माणूस हायवेलगतच्या खडी क्रशरवर कामाला होता. घरात शिरण्याआधी तो तोंडाचा टॉवेल सोडून दारातच झटकायचा आणि गुळाचा खडा खायचा. गुळानं धूळ पोटात उतरते, असं त्याचं म्हणणं. बोलता बोलता मध्येच थांबून तो दम घ्यायचा आणि वाक्य तिथूनच पुढे चालू करायचा. आपण ते पुरं केलेलं त्याला खपत नसे.

दिवाळीत सूर्यग्रहण आलं, तेव्हा गल्लीत जो तो जुने एक्स-रे शोधू लागला. यानं बारामतीला काढलेला स्वतःच्या छातीचा एक्स-रे मोठ्या हौसेनं आणला. मी तो डोळ्यांपुढे धरला. फुप्फुसांच्या काळ्या जागेत खडीची पूड उडावी तसे पांढरे ठिपके होते. त्यांतून सूर्य सरळ डोळ्यांत घुसला.

मी बरगडीसाठी काढलेला माझा एक्स-रे त्याला दिला. त्यानं दोन्ही शेजारी शेजारी धरून पाहिले.

"तुमचा लई काळा हाय, गुरुजी. झ्याक दिसतंय. माझा त्या एक्स-रेवाल्यानं नीट धुतलाच न्हाय."

मग आपल्या एक्स-रेची गुंडाळी करत म्हणाला, "पुढल्या ग्रहणाला..."

तो दम घ्यायला थांबला.

"...चांगला काढून आनतो."