पडला की पाडला

वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मला एक शक्ती मिळाली. मी अदृश्य झालो.

तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. आमचं वसतिगृह गिरगावातल्या फणसवाडीत, एका ट्रस्टच्या तीन मजली इमारतीत. जिने लाकडी आणि उभे, कठड्याच्या जागी जाड दोर बांधलेला. आम्ही सगळे बाहेरगावचे. माझ्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतून इथवर मी पोचलो तो एका माणसामुळे. तो माझ्याच शाळेतला, माझ्याहून दोन वर्षं पुढे, आणि मला नेहमी ‘गाववाल्या’ म्हणायचा, म्हणून माझ्यासाठीही तो गाववालाच. माझा प्रवेशाचा अर्ज त्याने भरला. वसतिगृहाच्या मुलाखतीत काय बोलायचं, ते त्याने माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. हिंदमाताच्या कापडबाजारात नेऊन निळ्या शर्टाचं कापड निवडून दिलं आणि वर म्हणाला, “हे घालून गेलास की गावचा दिसणार नाहीस. बोललास तर मात्र कळेल.”

ते कळू नये म्हणून त्याने मला इंग्रजीही शिकवलं. पुस्तकातून नाही. तिसऱ्या मजल्यावर टीव्हीची खोली होती. दर रविवारी सकाळी मेसचा उपमा खाऊन आम्ही दहा-बाराजण तिथे जमायचो आणि कोणाच्या तरी मोबाइलवरून टीव्हीवर एक मालिका लावायचो. अचाट शक्ती असलेली मुलं एका कॉलेजात शिकायला येतात, अशी ती मालिका होती. कोणाच्या हातातून आग निघायची, कोणी भिंतीतून आरपार जायचं. वर्गात त्यांना त्या शक्ती वापरायला शिकवत आणि वर्गाबाहेर ती एकमेकांना फाडून काढत. रक्त पुष्कळ असायचं, अगदी भिंतींवर उडालेलं. मी आधी डोळे मिटायचो, मग सवय झाली. खाली इंग्रजी ओळी यायच्या. गाववाला ओरडायचा, “थांबव.” मी रिमोटने थांबवायचो आणि ती ओळ मोठ्याने वाचून मराठीत सांगायचो. चुकलो की टपली बसायची. तीन महिन्यांत मला कॉलेजातली व्याख्यानं कळायला लागली. हे श्रेय त्याचंच आहे, आजही.

शक्ती वाटायची कल्पना सीनियरांची. नव्या मुलाला खोलीच्या मध्ये उभं करायचं आणि विचारायचं, “तुझी पॉवर काय रे?” त्याला सांगता आलं नाही तर ते ठरवायचे. एकाला आग दिली. त्याला पेटती मेणबत्ती बोटांनी विझवायला लावली, सात वेळा. मी मध्ये उभा राहिलो तेव्हा गाववाला म्हणाला, “हा आहे हेच कोणाला कळत नाही. हा अदृश्य. रिमोट याच्याकडे. याच्याकडे कोणी बघायचं नाही.” सगळे हसले. मीही हसलो. एवढ्यावर सुटलो म्हणून मनातून त्याचे आभार मानले.

त्याच दिवशी माझ्या खोलीतल्या मुलाला दुसरी शक्ती मिळाली. तो मालवणकडचा, किडकिडीत, उंच. त्याचे मामा डिलाईल रोडला एका खोलीत सातजणांत राहत, म्हणून तो वसतिगृहात आला होता. मालिकेत एक मुलगा होता, त्याला कशानेच वेदना होत नसत. वर्गातले त्याच्यावरच सराव करत.

“तुला दुखत नाही,” गाववाला त्याला म्हणाला आणि एक कानाखाली वाजवली. “दुखलं?”

तो मुलगा गाल चोळत म्हणाला, “थोडं.”

“चूक. परत.” दुसरी बसली. “दुखलं?”

“नाही.”

“हसून सांग.”

तो हसला. त्या दिवशी ते तिथेच थांबलं.

पुढच्या रविवारी मालिकेत मारामारी सुरू झाली तशी खोलीतही झाली. त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मोज्यात साबणाची वडी घालून तो मोजा पाठीवर मारायचा, हे कोणीतरी कुठून तरी शिकून आलं होतं. वळ उठत नाही, पण आत काळंनिळं होतं. तिसऱ्या रविवारी पट्टा होता. गाववाला बक्कल असलेलं टोक मोकळं सोडायचा. बक्कल बरगडीवर लागलं की वेगळा आवाज यायचा, दारावर कडी आपटावी तसा. मुलगा दर वेळी म्हणायचा, “नाही दुखत.” सुरुवातीला ते हसत. मग त्याच्या न ओरडण्याचा त्यांना राग यायला लागला. एकदा त्याला खाली पाडून दोघांनी हात धरले आणि तिसरा पोटऱ्यांवर स्टंप मारत राहिला, तो ओरडेपर्यंत. तो ओरडला नाही. त्याने सतरंजीचं टोक दातांत धरलं होतं.

त्या वेळी मी काय करत होतो, हे सांगायला हवं. मी टीव्हीचा आवाज वाढवत होतो. तळमजल्यावर रेक्टर राहत. गाववाला माझ्याकडे न बघताच नुसतं बोट वर करायचा आणि मी आवाज वाढवायचो. मारणारे थकले की बोट खाली. मी कमी करायचो. मग तो म्हणायचा, “हां, मघाची ओळ वाच.” आणि मी वाचायचो.

खोलीत आम्हा दोघांच्या खाटा समोरासमोर होत्या. तो पालथा झोपायचा. मी त्याला मलम आणून दिलं. तो म्हणाला, “लावून दे. माझा हात पोचत नाही.” मी लावून दिलं. एकदा मी विचारलं, “मामांना सांगत का नाहीस?”

“मामा मला घेऊन जाईल. त्यांच्याकडे जागा नाही, म्हणजे सरळ गावी. मग कॉलेज संपलं.” थोड्या वेळाने म्हणाला, “तू सांग की रेक्टरना. तुला कोण बघतंय?”

मी मलमाचं झाकण लावलं.

असे तेरा रविवार झाले. तेराव्या रविवारी मालिकेतल्या त्या मुलाला कॉलेजच्या गच्चीवरून ढकलतात, असा प्रसंग आला. तो खाली आदळतो, उठतो, कपडे झटकतो. खोलीत एकदम आरडाओरडा झाला. गाववाला उठला. “चल,” तो मुलाला म्हणाला. “हे राहिलंय आपलं.”

त्याला कॉलर धरून बाहेर जिन्याच्या तोंडाशी नेला. बाकीचे मागे गेले. मी दारात होतो, हातात रिमोट.

“उडी मार.”

“नको ना,” मुलगा म्हणाला. इतक्या रविवारांत तो पहिल्यांदाच नको म्हणाला. त्याने जिन्याचा दोर दोन्ही हातांनी धरला होता.

“दुखत नाही ना तुला? मग?”

“दुखतं,” तो म्हणाला. “सगळं दुखतं. पहिल्यापासून दुखतं.”

 गाववाल्याचं तोंड उतरलं, आपल्यालाच कोणीतरी फसवल्यासारखं. मग त्याने पाय उचलला आणि मुलाच्या कमरेत लाथ घातली.

दोर हातातून सुटला. डोकं, खांदा, गुडघे, सगळं एकेका पायरीवर वेगवेगळं आपटत गेलं. चौदा पायऱ्या. तो मधल्या वळणावर तोंडावर पडला. उजवा कोपर उलटा वळला होता आणि त्यातून हाडाचं पांढरं टोक बाहेर आलं होतं. पुढचे दोन दात पायरीवर पडले होते. हनुवटी फाटून रक्त लाकडाच्या फटींत जात होतं. आणि त्या वेळी तो ओरडला. तेरा रविवारांचं एकदम ओरडला. मी पाहिलं, माझा अंगठा आवाज वाढवायच्या बटणावर दाबलेला होता.

त्याला परळच्या हॉस्पिटलात नेलं. कोपरात सळई घातली. तिथल्या पोलिसाने विचारलं तेव्हा तो तुटक्या दातांतून एवढंच म्हणाला, “पडलो.”

संध्याकाळी गाववाला माझ्या खोलीत आला, त्या मुलाच्या रिकाम्या खाटेवर बसला. “पडला तो,” म्हणाला. “तूही तेच सांगायचंस. शेवटच्या वर्षाची परीक्षा आलीय माझी. माझ्या घरी काय आहे तुला माहीत आहे. तुला इथे कोणी आणलं, तेही माहीत आहे.”

मी मान हलवली.  मला त्याची दया आली, हेही खरं आहे.

सोमवारी दुपारी रेक्टरांनी मला बोलावलं. माझं अक्षर चांगलं म्हणून वसतिगृहाची नोंदवही मीच लिहायचो. रेक्टर गिरगावातले जुने, आयुष्यभर कचेरीत काम केलेले, कधी आवाज न चढवणारे. हॉस्पिटलातल्या पोलिसाला वसतिगृहाचा जबाब हवा होता. नोंदवहीची प्रत दिली की प्रकरण मिटणार होतं. मुलगा महिन्याने परत येणार होता, त्याच खाटेवर, त्याच लोकांत.

मी निळा शर्ट घातला होता. रेक्टर सांगत गेले, मी लिहीत गेलो. ‘रविवारी सकाळी सदर मुलगा तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून पडला.’

तेवढ्यात मुलाचे मामा आत आले. पन्नाशीचे, हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात मुलाचा रक्ताने कडक झालेला शर्ट होता. रेक्टरांनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. बऱ्याच महिन्यांत माझ्याकडे असं थेट कोणी बघितलं नव्हतं.

“तू त्याच्या खोलीतलो मा रे झिला?”

“हो.”

“मिया त्याची पाठ बघितलंय. जिन्याक बक्कल असता काय?”

रेक्टर म्हणाले, “हे पाहा, त्याने स्वतः सांगितलंय की—”

“तो म्हणता पडलो,” मामा म्हणाले. नजर माझ्यावरच. “तू माका खरा सांग. माझो भाचो पडलो, काय पाडलो?”

आमच्या तालुक्याच्या शाळेत मराठीचे एक गुरुजी होते. वाक्य फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, “कर्ता शोधा.” कर्ता दिसत नसेल तरी असतो, म्हणायचे. आम्हाला ते कंटाळवाणं वाटायचं. मामांच्या तोंडचे ते दोन शब्द ऐकले आणि मला वहीतलं माझंच वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं दिसलं. पडला म्हटलं की वाक्य तिथे संपतं. त्यात मुलगा आणि जिना, दोघांशिवाय कोणी नाही.

मी पेन टेकवलं आणि ‘प’ला काना दिला.

रेक्टरांनी वही ओढून घेतली. “हे काय? ‘जिन्यावरून पाडला’? शुद्धलेखनाची चूक आहे ही.”

“नाही सर.”

“कोणी पाडला?”

मी गाववाल्याचं नाव सांगितलं. ते तोंडातून निघताना मला शर्टाची कॉलर घट्ट वाटली. बाकीच्यांची नावं सांगितली. मग रेक्टरांनी विचारलं, “आणि एवढं होत होतं तर मला खाली ऐकू कसं आलं नाही?”

“मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.”

मामांनी पिशवी टेबलावर ठेवली. मला वाटलं ते मारतील. मारायला हवं होतं. ते फक्त म्हणाले, “लिव. ता पण लिव.”

मी वही परत घेऊन नावं लिहिली आणि तेही लिहिलं.

रेक्टरांनी वही आपल्याकडे वळवली. पान फाडणं त्यांना सोपं होतं. त्यांनी पेन माझ्या हातून घेतलं, खाली सही केली आणि टोपण लावलं.

गाववाल्याला त्या आठवड्यात वसतिगृह सोडावं लागलं. तक्रार झाली, परीक्षेला त्याला बसू दिलं नाही. ट्रंक उतरवताना जिन्याच्या त्याच वळणावर तो थांबला. मी वर उभा होतो. “दिसलास रे गाववाल्या,” तो म्हणाला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आमच्या गावी त्याच्या घरावरून जाताना मी अजून मान खाली घालतो.

मलाही वर्षाअखेरपर्यंत काढून टाकलं. लालबागला एका वर्गमित्राच्या घराबाहेर, चाळीच्या गॅलरीत झोपून मी परीक्षा दिली. त्या घरच्यांनी मला रोज जेवू घातलं आणि एकदाही काही विचारलं नाही. मी पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे, त्या गुरुजींमुळे, आणि गाववाल्यामुळेही. तिघांतलं एकही नाव मला वगळता येत नाही.

तो मुलगा वसतिगृहात परत आला. रेक्टरांनी त्याला तळमजल्यावर, स्वतःच्या शेजारची खोली दिली. काही महिन्यांनी तो मला कॉलेजच्या पायऱ्यांवर भेटला. पुढचे दात बसवले होते. उजवा हात सरळ होत नव्हता, पुस्तकं डाव्या हातात होती. माझ्या मनात होतं, तो काहीतरी चांगलं बोलेल. मी तशी वाट बघत होतो, हे कबूल करतो.

“मामाने सांगितलं,” तो म्हणाला. “काना दिलास म्हणे.”

“हो.”

“पहिल्या रविवारी पेन नव्हतं तुझ्याकडे?”

 मग डाव्या हातातली पुस्तकं त्याने माझ्यापुढे केली. “धर जरा. जिना आहे.”

मी पुस्तकं घेतली. तो कठड्याला धरून एकेक पायरी चढायला लागला आणि मी त्याच्या मागे, एक पायरी खाली राहून चढलो.