सोनमोहरावरचं घरटं

फोन आला तेव्हा मी दुकानात एका वाकड्या फिरणाऱ्या चाकाचा आऊट काढत होतो. मोबाइलवर 'सर' असं नाव आलं. सकाळी सरांचा फोन म्हणजे चहाचं बोलावणं, म्हणून उचलल्या उचलल्या मी आमची नेहमीची चेष्टा केली, "काय सर, आला का नवरदेव पोळी खायला?" पलीकडे वहिनी होत्या. "बबनराव, वर या जरा. हे उठत नाहीयेत." चाक तसंच फिरत ठेवून मी निघालो. दुकान माझं खडकी बाजारात, आणि सरांची सोसायटी समोरच्याच गल्लीत, दुसरा मजला. सर गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. नदीपर्यंत चालून आले होते. एक बूट काढून भिंतीशी नीट ठेवलेला, दुसरा पायातच, नाडी सोडलेली. मांडीवर शिळ्या पोळीचा तुकडा. आणि कठड्यावर दोन कावळे, पोळीची वाट बघत. मी खांद्याला हात लावला आणि मला कळलं... पण पटलं नाही. इतके आठवडे झाले, अजून पटलेलं नाही. बायपासला छाती माझी उघडलेली, गोळ्यांची डबी माझ्या खिशात, वयानंही मीच मोठा. रांगेत मी पुढे होतो. हा धडधाकट माणूस मधेच कसा घुसला?

सरांची मुलगी मधुरा खराडीला एका कंपनीत आहे. ती म्हणाली, काका, बाबांवर तुम्हीच लिहा, बाकीचे सगळे नुसतं चांगलं लिहितील. मी लोणी काळभोरच्या शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढचं सगळं शिक्षण पान्यावर. लिहीन म्हणालो, पण ऱ्हस्व-दीर्घ तू बघ, वाक्यं माझी राहू दे.

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. पहिल्यांदा दुकानात आले ते पंक्चर सायकल ढकलत. मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतोय आणि हे माझ्या डोक्यावरून पत्र्याकडे टक लावून. एक कावळा माझ्या भंगाराच्या ट्रेमधून तुटका स्पोक उचलून निघाला होता. मी हाकलायला पाना उगारला तर म्हणाले, "राहू द्या हो. घर बांधतोय तो." मी म्हणालो, तो नव्हे, ती, राखाडी मानेची मादी असते, काळाकुट्ट असतो तो नर. सर हसले. हसले याचा मला राग आला. "दोन वेगळ्या जाती आहेत त्या," ते म्हणाले. "हा गावकावळा, तो डोमकावळा. दोघांतही नर-मादी दिसायला सारखेच." मी विचारलं, मोर आणि लांडोर सारखे दिसतात का? कोंबडा आणि कोंबडी? माझ्या दुकानात जेंट्स सायकल आहे, लेडीज सायकल आहे, दोघींचा दांडा वेगळा, म्हणून कंपनी वेगळी होते का? सरांनी पंक्चरचे पैसे दिले आणि म्हणाले, उद्या येतो, हे अर्धवट राहिलं. ते अर्धवट राहिलेलं मग आमची म्हातारपणं येईपर्यंत चाललं.

रोज सकाळी त्यांच्या गॅलरीत चहा. सर पोळीचे तुकडे कठड्यावर ठेवायचे आणि दोन्ही तऱ्हेचे कावळे यायचे. मी म्हणायचो, बघा, नवरा-बायको आले. सर म्हणायचे, एका हॉटेलात जेवले म्हणून नवरा-बायको होत नाहीत. एकदा काळा आणि राखाडी एकाच तारेवर चिकटून बसलेले दिसले, तर मी सरांना अंघोळीतून बाहेर बोलावलं. टॉवेल गुंडाळून आले, बघितलं, आणि म्हणाले, "एकदा दिसलं म्हणून ठरत नाही, बबनराव." हे त्यांचं पेटंट वाक्य. मला ऐकवून ऐकवून त्यांनी जीव नकोसा केला होता.

माझाही हुकमी प्रश्न होता. माणूस माकडापासून झाला, तर मग ही माकडं का उरली? हा प्रश्न टाकला की भले भले गप्प होतात. सर गप्प झाले नाहीत. माझे एक चुलते तरुणपणी बडोद्याला गिरणीत गेले आणि तिकडचेच झाले. त्यांची नातवंडं आमच्याकडे लग्नाला आली होती, मराठी त्यांना धड येईना. सरांनी तेच धरलं. म्हणाले, तुम्ही त्या बडोद्याच्या भाऊबंदांपासून झालात का? नाही. तुमचे आजोबा तेच त्यांचे पणजोबा. मग तुम्ही आहात म्हणून त्यांनी संपायला हवं होतं का? माकड आपला बाप नाही, भाऊबंद आहे, फार लांबचा. मी म्हणालो, ठीक, पण कधीतरी एखाद्या माकडिणीच्या पोटी पहिलं माणसाचं पोर आलंच असेल की नाही? तेव्हा सरांनी चहा खाली ठेवला. त्यांचं ते बोलणं मी विसरणार नाही. "बडोद्याच्या घरातलं मराठी कोणत्या दिवशी गेलं, सांगा. कोणती आई सकाळी उठून पोराशी परक्या भाषेत बोलायला लागली? प्रत्येक आई आपल्या पोराला कळेल असंच बोलली. तरी आज तुम्हाला मधे दुभाष्या लागतो."

कावळ्यांचंही असंच, म्हणाले. एकाच थव्याचे दोन भाग होतात, मधे डोंगर येतो, नाहीतर समुद्र. इकडच्यांच्या जोड्या इकडे जमतात, तिकडच्यांच्या तिकडे. पिल्लं आईबापांसारखी होतात, पण तंतोतंत नाही. तो बारीकसा फरक इकडचा इकडे साठत जातो, तिकडचा तिकडे, किती पिढ्या त्याची मोजदाद नाही. मग पुन्हा कधी समोरासमोर आले, तरी जोडीदार म्हणून ओळखच लागत नाही. तेव्हा म्हणायचं, जाती दोन झाल्या. आणि त्यातही रेघ पट्टीनं मारलेली नसते, कुठे कुठे पुसट असते. मी लगेच माझ्या डोक्यानं पुढे गेलो. म्हणालो, म्हणजे आमच्यात आणि तुमच्यात लग्नं होत नाहीत, तशा या कावळ्यांच्या जाती. सरांना रागावलेलं मी तेवढं एकदाच बघितलं. म्हणाले, ती जात माणसानं घरात बसून काढली. पोरं पळून जाऊन लग्न करतात, वर्षभरात पाळणा हलतो, आणि तुम्हीच त्या बारशाला जेवून येता. माणूस सगळा एक. कावळ्यांना यात ओढू नका. दोन दिवस चहा फिकाच लागला. तिसऱ्या दिवशी मीच विषय काढला, म्हणालो, पण डोमकावळा मोठा, आवाजही भारी, म्हणजे तो पुढचं मॉडेल असणार. आधी सायकल, मग लुना, मग स्कूटर. सर म्हणाले, सायकल कोणीतरी सुधारायची ठरवून सुधारतं, कावळ्याला कोणी ठरवून सुधारत नाही. ज्याला जिथे निभावतं त्याची पिल्लं तिथे जगतात, एवढंच. "आणि स्कूटर आल्या, तरी तुमचं दुकान चालूच आहे ना?"

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला गॅलरीसमोरच्या सोनमोहरावर घरटं सुरू झालं. काड्या, तारा, आणि त्यात चमकणारे माझे स्पोक. सर खुश. म्हणाले, बबनराव, या घरात तुमचं सामान लागलंय, तेव्हा राखणही तुम्हीच करा. अंडी झाली की घरट्यावर दोघं येतात, एक बसतो, दुसरा भरवतो. एक काळा आणि एक राखाडी दिसला, तर मी तुमच्या वहिनींसमोर कान पकडीन. दोन्ही राखाडी दिसले, तर तुम्ही पकडायचे. मी म्हणालो, मंजूर, वहिनी साक्षीदार. इतक्या वर्षांच्या वादाचा निकाल समोरच्या फांदीवर लागणार होता. आणि अंडी व्हायच्या आत सर गेले.

सरांचा क्रियाकर्मावर विश्वास नव्हता. पण वहिनींना सांगून ठेवलं होतं, तुला बरं वाटेल ते कर, हरकत घ्यायला मी नसणार. वहिनींनी दहावा केला. नदीकाठच्या घाटावर पिंड मांडला, आम्ही मागे सरून उभे राहिलो. कावळे होते. पलीकडच्या भिंतीवर ओळीनं बसून आमच्याकडे बघत होते. एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर शब्द द्या, कोणीतरी म्हणालं. मधुरा पुढे झाली, हात जोडून म्हणाली, बाबा, आईला मी खराडीला माझ्याकडे नेते. कावळा हलला नाही. वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणूनच येत नाहीये तो." त्या परिस्थितीतही चार जण हसले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमचा वाद अख्ख्या सोसायटीला पाठ. मी काय बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती, ते मला कळत होतं. मी हरलो म्हणावं आणि सुटावं. पण जे डोळ्यानं बघितलं नाही, ते मी पिंडासमोर तरी कसं म्हणू? मी पुढे झालो. "सर, घरट्यावर मी लक्ष ठेवतो. जे दिसेल तेच सांगेन, माझ्या विरुद्ध गेलं तरी." कावळे भिंतीवरच. मागे दुसरी माणसं थांबलेली, गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि झालं म्हणाले. मी थिजलोच. इतक्या वर्षांत दिला नव्हता तो शब्द दिला, आणि तो घ्यायला आला गवताचा कावळा! घरी येईपर्यंत तेच डोक्यात. खरा कावळा पिंडाला शिवला असता, तर शब्द तिथल्या तिथे पोचला असता. आता तो माझ्याच अंगावर राहिला.

म्हणून रोज सकाळी जाऊन बसतो. वहिनी सवयीनं दोन कप आणतात आणि एक परत नेतात. पहिले दिवस मी स्टुलावर बसलो. मग त्याच म्हणाल्या, खुर्चीत बसा, तिथून घरटं नीट दिसतं. ती वेताची खुर्ची उजव्या बाजूला खचलेली आहे, सर हातावर भार देऊन बसायचे म्हणून. बसलं की माणूस आपोआप झाडाकडे वळतो.

फुलांनी झाड पिवळं झालं तेव्हा दिसलं. घरट्यात राखाडी मान, स्पोकांच्या मधे अगदी चिप्प बसलेली. दुसरा कावळा चोचीत काहीतरी घेऊन आला. माझे हात खुर्चीवर घट्ट. तो फांदीवर उतरला, मान वळवली... राखाडी. वाकून त्यानं बसलेलीला भरवलं. तेवढ्यात डोमकावळा आला, पलीकडच्या फांदीवर नुसता टेकला, तर दोघे मिळून त्याच्या अंगावर गेले आणि कोपऱ्यापर्यंत हाकलून आले. नवरदेव म्हणत होतो मी ज्याला, तो. मी शेजारी बघितलं. इतक्या वर्षांची सवय, मान आपोआप वळते. शेजारी रिकामं स्टूल. हा माणूस खरंच गेला, हे मला त्या क्षणी कळलं. बुटाकडे बघून नाही, घाटावर नाही, तिथे. निकाल लागला होता आणि ऐकायला सर नव्हते.

वहिनी चहा घेऊन आल्या. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

शब्द दिलेला. "दोन्ही राखाडी," मी म्हणालो.

"मग? कान?"

मी कप घेतला. "एकदा दिसलं म्हणून ठरत नाही, वहिनी," मी म्हणालो. "उद्या परत बघू."

परत न्यायला उचललेला दुसरा कप वहिनींनी खाली ठेवला, स्टूल ओढलं, आणि माझ्या शेजारी बसून झाडाकडे बघत तो चहा प्यायल्या.