डाव्या मांडीचं हाड

"फ्रॅक्चर आहे," पुण्याचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे मांडीचं हाड मोडलंय. काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी ते आम्हाला दाखवलं. तो एक्स-रे, म्हणजे कातडीच्या आतला हाडांचा फोटो. आमचे हे खाटेवरून म्हणाले, "बघ गं, लग्नात एवढं आतून कुटं बघितलं हुतंस मला!" रडता रडता मला हसू आलं.

उत्रोलीत भाताच्या गंजीवरून ते पडले होते. डॉक्टरांनी हाडाला धातूची पट्टी लावून ती स्क्रूंनी आवळली. मग पुन्हा फोटो काढला. तो यांनी हट्टानं घरी आणला. येईल त्याला दाखवायचे, "ह्यो मी!"

मी धरून त्यांना अंगणात चालवायची. पाय जरा आखूड राहिला. "आता तुज्या उंचीला आलो," म्हणायचे.

पुढे एका पावसाळ्यात भाटघरच्या धरणात नाव उलटली. बाकीचे पोहून आले. हे आणि मार्गासनीच्या पारूबाईचा नवरा, एवढे दोघेच सापडले नाहीत. बऱ्याच दिवसांनी एक प्रेत वर आलं. चेहरा राहिला नव्हता.

"ह्ये आमचं हायेत," पारूबाई म्हणाली.

"न्हाई, आमचं," मी म्हणाले.

तोंडानं भांडत होतो. मनात दोघींच्याही एकच, देवा, आपलं नसू दे.

मी पोलिसांना मांडीतल्या पट्टीचं सांगितलं. प्रेत पुण्याला नेलं. त्याच डॉक्टरांनी त्या मांडीचा एक्स-रे काढला, घरचा जुना फोटो शेजारी धरला आणि आम्हा दोघींना जवळ बोलावलं. तीच पट्टी, तेच स्क्रू. मोडलं होतं तिथे हाड गाठीसारखं जुळून आलेलं.

"बाई, हे तुमचेच यजमान," ते हळू म्हणाले.

मी खाली बसले. पारूबाईनं मला कवेत घेतलं. "तुजं घावलं गं. माजं कुटं बघू?"

अग्नी दिला तेव्हा ती माझ्याजवळच उभी होती.

तुमच्या घरी कुणाचा असा फोटो असेल, तर जपा. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्यामुळे मला माझ्या माणसाला निरोप देता आला. पारूबाईला तो देता आला नाही.

दर पितृपक्षात ती येते, यांचं पान स्वतः वाढते. तिच्या नवऱ्याचं पान मांडायचा विषय मी कधी काढत नाही. "त्यो यील," ती म्हणते. निघताना उंबऱ्यात थांबते. मी विधवा, तरी कुंकू माझ्याच हातून लावून घेते.